कबुलीजबाब : पडद्यावरचे पोलीस आणि कायद्यातले पोलीस

#थ्रेड

१/ रायगड जिल्ह्याच्या पेण तालुक्यातील डोलवी येथे राहणाऱ्या माणसाला आपल्या हद्दीच्या पोलीस दलात ‘एसीपी’ कधीच भेटणार नाही. दूरचित्रवाणीमुळे घराघरांत पोहोचलेले हे पद जिल्हा पोलीस दलात अस्तित्वातच नाही. सहायक पोलीस आयुक्त केवळ पोलीस आयुक्तालयात असतात. पदाविषयीचा हा गैरसमज निरुपद्रवी आहे. पण पोलिसाने काय करावे आणि काय करू नये, याविषयी पडद्याने रुजवलेले समज तितके निरुपद्रवी नाहीत. त्यांचा हा इतिहास.

२/ आधी डोलवीची प्रत्यक्ष व्यवस्था पाहू. धरमतर खाडीलगतचे, पोलाद कारखान्यामुळे ओळखले जाणारे हे गाव वडखळ पोलीस ठाण्याच्या हद्दीत येते. ठाण्याच्या वर उपविभागीय पोलीस अधिकारी आणि जिल्ह्याच्या प्रमुखपदी अलिबागला बसणारे पोलीस अधीक्षक, अशी ही उतरंड आहे. त्याच जिल्ह्यातील पनवेल आणि उरण हे भाग मात्र १९९४ साली स्थापन झालेल्या नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाकडे आहेत. तिथे एसीपी असतात.

३/ पडद्यावरील पोलीसकथेचा शेवट ठरलेला असतो. संशयित समोर उभा असतो, अधिकारी पुराव्यांची साखळी जुळवतो, एक थप्पड बसते आणि गुन्हेगार सगळे कबूल करतो. कथा तिथे संपते. भारतीय कायद्यात मात्र पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून सिद्ध करता येत नाही. पडद्यावर ज्या क्षणी खटला जिंकला जातो, त्या क्षणी न्यायालयाच्या दृष्टीने हाती काहीच आलेले नसते.

४/ हा नियम स्वातंत्र्यानंतरचा नाही, तो कंपनी सरकारच्या अखेरच्या वर्षांतील अनुभवातून आला. १८५४ मध्ये मद्रास इलाख्यात छळाच्या तक्रारींसाठी आयोग नेमला गेला आणि १८५५ मध्ये त्याचा अहवाल आला. महसूल वसुलीसाठी आणि गुन्ह्याची कबुली मिळवण्यासाठी रयतेचा छळ सर्रास होतो, हे त्यातून सरकारी कागदावर आले. मुंबई इलाख्यातही त्याच सुमारास नाशिकचे कोठडीतील छळाचे प्रकरण गाजले. कबुलीला किंमत असेल तोवर ती मिळवण्यासाठी मारहाण होत राहणार, हे राज्यकर्त्यांना उमगले होते.

५/ १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ३३० आले. कबुली मिळवण्यासाठी इजा करणे हा सात वर्षांपर्यंतच्या कारावासाचा गुन्हा ठरला. या कलमाच्या स्पष्टीकरणासाठी कायदेकर्त्यांनी जी उदाहरणे दिली, त्यांतील पहिलेच उदाहरण बोलके आहे. कबुलीसाठी एखाद्याचा छळ करणारा ‘क्ष’ हा तिथे चोर किंवा दरोडेखोर नाही, पोलीस अधिकारी आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० मध्येही ही तरतूद कायम आहे.

६/ १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने पोलिसांपुढील कबुली निरुपयोगी ठरवली आणि १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमात तो नियम कलम २५ म्हणून स्थिरावला. कोठडीतील आरोपीला कबुली द्यायचीच असेल, तर ती दंडाधिकाऱ्यासमोर द्यावी लागते आणि ती देण्याचे बंधन तुझ्यावर नाही, हे दंडाधिकाऱ्याने त्याला आधी सांगावे लागते. आजच्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हाच नियम कलम २३ मध्ये आहे. दीडशे वर्षांहून अधिक काळ कायद्याचे उर्वरित बांधकाम अनेकदा बदलले, हा खांब हलला नाही.

७/ एक फट मात्र तेव्हाच ठेवली गेली. कोठडीतील आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या वस्तूशी निगडित असलेला तेवढाच भाग पुराव्यात घेता येतो. तपासी अंमलदार म्हणूनच पंचांना सोबत नेऊन, आरोपीने हत्यार किंवा मुद्देमाल ‘काढून दिल्याचा’ पंचनामा करतात. मराठी बातम्यांतून नित्य वाचायला मिळणारा हा शब्दप्रयोग १८७२ च्या कलम २७ मधून आला आहे. तपासातील सगळा ताण या एका फटीभोवती जमा होतो.

८/ पुरावा अधिनियमाला शंभर वर्षे झाली त्या वर्षी, म्हणजे १९७२ मध्ये, महाराष्ट्रात दोन घटना घडल्या. त्यांचा परस्परांशी संबंध नव्हता. २६ मार्च रोजी तत्कालीन चंद्रपूर आणि आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीने, ठाण्याच्या आवारातच पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप केला. २ ऑक्टोबर रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. पुढची पन्नास वर्षे या दोन धाग्यांची आहेत, एक न्यायालयातला आणि दुसरा पडद्यावरचा.

९/ देसाईगंज प्रकरणात सत्र न्यायालयाने दोघा पोलिसांना निर्दोष सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी धरले आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष मुक्त केले. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, म्हणजे तिची संमती होती, असा त्या निकालाचा रोख होता. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. पोलीस ठाण्यात मध्यरात्री अडवून ठेवलेल्या गरीब मुलीचे गप्प राहणे म्हणजे संमती का, हा त्या पत्राचा प्रश्न होता.

१०/ त्या पत्रातून देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीतील बलात्कार हा स्वतंत्र, अधिक गंभीर गुन्हा झाला. शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने संमती नव्हती असेच गृहीत धरावे, असा बदल पुरावा अधिनियमात झाला. पोलिसी वर्तनाच्या भारतीय मापदंडांतील हा मोठा टप्पा महाराष्ट्रातील एका आडवळणाच्या ठाण्यापासून सुरू झाला होता.

११/ त्याच वर्षी, १५ फेब्रुवारी १९८३ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने शीला बारसे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणाचा निकाल दिला. पत्रकार शीला बारसे यांनी मे १९८२ मध्ये मुंबई मध्यवर्ती कारागृहातील पंधरा महिला बंद्यांशी संवाद साधला होता. त्यांपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बारसे यांच्या पत्रालाच न्यायालयाने याचिका मानले आणि निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना कारागृहात जाऊन चौकशी करण्यास सांगितले.

१२/ न्या. प्र. न. भगवती यांच्या खंडपीठाने दिलेले निर्देश आजच्या प्रेक्षकाने मुद्दाम वाचावेत असे आहेत. महिला संशयितांसाठी चांगल्या वस्तीत निवडक कोठड्या असाव्यात आणि त्यांवर महिला शिपायांचा पहारा असावा. महिलांची चौकशी महिला पोलिसांच्या उपस्थितीतच व्हावी. अटकेचे कारण लगेच सांगावे. अटकेची माहिती विधी साहाय्य समितीला आणि नातेवाइकाला द्यावी. न्यायाधीशांनी कोठड्यांना अचानक भेटी द्याव्यात. आरोपी प्रथम समोर येताच, पोलिसांविरुद्ध छळाची तक्रार आहे का, हे दंडाधिकाऱ्याने स्वतः विचारावे.

१३/ आणि याच १९८३ मध्ये ‘अर्धसत्य’ प्रदर्शित झाला. श्री. दा. पानवलकर यांच्या ‘सूर्य’ या मराठी कथेवर विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली होती आणि दिग्दर्शन गोविंद निहलानी यांचे होते. ओम पुरींनी साकारलेला उपनिरीक्षक अनंत वेलणकर प्रामाणिक आहे. राजकीय दडपणाखाली त्याची घुसमट होते आणि एका किरकोळ चोरीच्या संशयिताला तो कोठडीत इतके मारतो की तो मरतो. प्रामाणिक अधिकाऱ्याच्या हातूनही कोठडीत खून होऊ शकतो, हे सत्य या चित्रपटाने लपवले नाही. थप्पड त्यात विजयाची खूण नाही, अधःपाताची पहिली पायरी आहे.

१४/ दूरचित्रवाणीचा मार्ग सौम्य होता. ऐंशीच्या दशकात मुंबई दूरदर्शनवर ‘एक शून्य शून्य’ ही मराठी मालिका आली. तिचे नावच पोलीस नियंत्रण कक्षाच्या दूरध्वनी क्रमांकावरून घेतलेले होते. मुंबई दूरदर्शनमध्ये छायाचित्रणकार असलेले बी. पी. सिंग आणि बँकेत नोकरी करत रंगभूमीवर वावरणारे शिवाजी साटम यांचा एकत्र प्रवास या मालिकेतून रंगला. ‘हॅलो इन्स्पेक्टर’मधून रमेश भाटकर यांचा निरीक्षक घराघरांत पोहोचला. शांत बोलणारा, प्रश्न विचारणारा मध्यमवर्गीय अधिकारी हा या काळाचा नायक होता.

१५/ १९८९ मध्ये दूरदर्शनवर ‘उडान’ आली. कविता चौधरी यांनी आपल्या भगिनी, १९७३ च्या तुकडीच्या आयपीएस अधिकारी कांचन चौधरी भट्टाचार्य यांच्या जीवनावरून ती लिहिली, दिग्दर्शित केली आणि त्यात मुख्य भूमिकाही केली. कांचन चौधरी २००४ मध्ये उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या. राज्याच्या पोलीस दलाचे नेतृत्व करणाऱ्या त्या देशातील पहिल्या महिला होत. गणवेशाची ताकद मारण्यात नसून गाऱ्हाणे ऐकून घेण्यात आहे, असा या मालिकेचा सूर होता.

१६/ मग १८ डिसेंबर १९९६ हा दिवस आला. डी. के. बसू विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अटकेसाठी अकरा अटी घालून दिल्या. अटक करणाऱ्याच्या छातीवर नाव आणि पद स्पष्ट दिसावे. अटकेचे टिपण जागीच तयार व्हावे आणि त्यावर साक्षीदाराची सही असावी. नातेवाइकाला कळवावे. अंगावरील जखमांची नोंद व्हावी. दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी. चौकशीदरम्यान, पूर्ण वेळ नसली तरी, वकिलाची भेट मिळावी.

१७/ या निकालातील एक सूचना क्वचितच आठवली जाते. या अटी प्रत्येक पोलीस ठाण्यात ठळक जागी लावाव्यात, एवढ्यावर न्यायालय थांबले नाही. त्या आकाशवाणीवरून प्रसारित कराव्यात, दूरदर्शनच्या राष्ट्रीय वाहिनीवर दाखवाव्यात आणि स्थानिक भाषेत पत्रके छापून वाटावीत, असेही त्यात म्हटले होते. सामान्य माणूस पोलिसाला ओळखतो तो पडद्यावरून, तेव्हा त्याचे हक्कही पडद्यावरूनच त्याच्यापर्यंत पोहोचावेत, हा विचार देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने मांडला होता.

१८/ तेरा महिन्यांनी, २१ जानेवारी १९९८ रोजी, सोनी वाहिनीवर बी. पी. सिंग यांची ‘सीआयडी’ सुरू झाली. ती २७ ऑक्टोबर २०१८ पर्यंत चालली, दीड हजारांहून अधिक भाग झाले आणि डिसेंबर २०२४ मध्ये ती पुन्हा परतली. एसीपी प्रद्युम्न झालेल्या शिवाजी साटमांमुळे भारतातील सर्वांत प्रसिद्ध काल्पनिक पोलीस अधिकारी मराठी उच्चारांत हिंदी बोलू लागला. दोन पिढ्यांना पोलीस तपासाची जी पहिली ओळख झाली, ती या मालिकेतून.

१९/ या मालिकेचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. तिच्यातील पथक लाच घेत नाही, गरिबाची तक्रार टाळत नाही आणि राजकारण्यापुढे वाकत नाही. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाल्यास गुन्हा नोंदवलाच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाला २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात बजावून सांगावे लागले. मालिकेत ते गृहीतच होते. डॉ. साळुंखे यांच्या प्रयोगशाळेने ठसे, रक्तगट आणि विष यांचे महत्त्व लहान मुलांपर्यंत नेले. प्रत्यक्षात कालिना येथील न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेचा अहवाल काही मिनिटांत हाती पडत नाही, एवढाच फरक.

२०/ पण त्याच मालिकेने दरवाजा आणि थप्पड या दोन गोष्टी पोलिसी कर्तबगारीच्या खुणा करून टाकल्या. कायद्यात दरवाजा तोडता येतो, पण त्याला क्रम आहे. अटक करायची व्यक्ती आत असल्याचे सबळ कारण हवे. आधी आपला अधिकार आणि येण्याचे कारण सांगून आत येऊ देण्याची मागणी करावी लागते. ती नाकारली गेली तरच बळ वापरता येते. आता झडती आणि जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरणही भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने बंधनकारक केले आहे.

२१/ थप्पडेला तर असा कोणताच क्रम नाही. चौकशीत मारलेली पहिली थप्पडही १८६० च्या त्या उदाहरणात बसते. गुन्हेगाराला फाशी होणार, हे अधिकाऱ्याने जागच्या जागी जाहीर करणेही केवळ पडद्यावरचे. शिक्षा ठरवणे हे न्यायालयाचे काम आहे आणि तपासी अंमलदाराचे काम दोषारोपपत्रापाशी संपते. प्रेक्षकाला ही थप्पड का आवडते, याचे कारणही खरे आहे. वर्षानुवर्षे रेंगाळणारे खटले आणि फितूर होणारे साक्षीदार यांना कंटाळलेल्या माणसाला पडद्यावर न्याय लगेच मिळतो.

२२/ पडदा याहून वेगळे करू शकतो, हे अमेरिकेत दिसले. ‘ड्रॅग्नेट’ ही १९५१ पासूनची पोलीस मालिका लॉस एंजेलिस पोलिसांच्या सहकार्याने बनत असे आणि तिचा पक्षपातही पोलिसांकडेच होता. १९६६ मध्ये मिरांडा निकालाने, चौकशीआधी संशयिताला गप्प राहण्याचा आणि वकिलाचा हक्क सांगणे बंधनकारक केले. १९६७ मध्ये मालिका परतली, तेव्हा तिचे नायक ही सूचना वाचून दाखवू लागले. पुढच्या मालिकांनी तोच प्रघात चालवला. ही सूचना राष्ट्राच्या संस्कृतीचा भाग झाली आहे, अशी नोंद तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये केली.

२३/ भारतात गप्प राहण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २० मध्ये आणि अटकेचे कारण जाणण्याचा व वकिलाचा हक्क अनुच्छेद २२ मध्ये आहे. तरीही कोणत्याही लोकप्रिय मालिकेने ही वाक्ये आपल्या नायकाच्या तोंडी रुजवली नाहीत. परिणाम असा, की अमेरिकन मालिका पाहणाऱ्या मराठी तरुणाला परदेशी संशयिताचे हक्क पाठ असतात आणि स्वतःला वडखळच्या ठाण्यात बोलावले तर काय विचारायचे, हे मात्र माहीत नसते.

२४/ याच काळात महाराष्ट्राने कबुलीच्या नियमाला अपवाद निर्माण केला. संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या १९९९ च्या ‘मकोका’ कायद्यातील कलम १८ नुसार, पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली ग्राह्य धरली जाते. अर्थात त्यालाही अटी आहेत. वातावरण मोकळे हवे, बोलण्याचे बंधन नाही हे आधी सांगितलेले हवे आणि जबाब विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे जायला हवा. टोळीयुद्धांनी आणि खंडणीने त्रासलेल्या मुंबईत या अपवादामागे जनमत होते.

२५/ या अपवादाची परीक्षा एका भीषण गुन्ह्यात झाली. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांत सात स्फोट होऊन १८० हून अधिक प्रवासी मरण पावले. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवले, त्यांपैकी पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सर्व बारा जणांना निर्दोष ठरवले आणि ‘मकोका’खालील कबुलीजबाब छळाने मिळवलेले व अविश्वसनीय असल्याचे म्हटले. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने, हा निकाल पूर्वदाखला म्हणून वापरू नये, असा आदेश देऊन राज्याचे अपील ऐकण्याचे मान्य केले.

२६/ अंतिम निर्णय काहीही होवो, एक गोष्ट आजच स्पष्ट आहे. स्फोटांना एकोणीस वर्षे उलटल्यावरही मृतांच्या कुटुंबीयांना, दोषी कोण, याचे निश्चित उत्तर मिळालेले नव्हते आणि बारा माणसांची उमेदीची वर्षे तुरुंगात गेली होती. कोठडीतील कबुलीवर उभा राहिलेला खटला ढासळतो, तेव्हा त्याची किंमत आरोपी आणि पीडित दोघेही मोजतात. १८५५ चा अहवाल वाचलेल्या कायदेकर्त्यांना नेमकी हीच भीती होती.

२७/ पडद्याचा दुसरा आवडता शेवट म्हणजे चकमक. १९९५ ते १९९७ या काळात मुंबई पोलिसांच्या सुमारे ९९ चकमकींत १३५ च्या आसपास माणसे मारली गेली, असे त्याविषयीच्या याचिकेतील आकडे आहेत. त्या प्रकरणात २३ सप्टेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सोळा निर्देश दिले. प्रत्येक मृत्यूबाबत गुन्हा नोंदवावा. तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करावा. दंडाधिकाऱ्यामार्फत चौकशी व्हावी. चकमकीनंतर लगेच बढती किंवा शौर्यपदक देऊ नये.

२८/ इथे ‘सीआयडी’ हे नाव वेगळ्या अर्थाने समोर येते. खरा गुन्हे अन्वेषण विभाग पुण्यात आहे आणि महाराष्ट्रात पोलीस कोठडीत माणूस मरण पावला की तपास याच विभागाकडे जातो. म्हणजे खऱ्या सीआयडीचा अधिकारी ठाण्याची पायरी चढतो तो अनेकदा पोलिसांचीच चौकशी करण्यासाठी. कोठडीत काय घडले, ठाण्याच्या दैनंदिनीत काय लिहिले आहे, जखमा कधीच्या आहेत, हे त्याचे प्रश्न असतात. दीड हजार भागांच्या मालिकेतून प्रेक्षकाच्या मनात या कामाचे चित्र उमटले नाही.

२९/ ही दरी न्यायाधीशांनाही जाणवली आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. गौतम पटेल यांनी इंडियन पोलीस फाउंडेशनच्या कार्यक्रमात ‘सिंघम’ चित्रपटाचा दाखला दिला. शेवटी सगळे पोलीस मिळून खलनायकाला संपवतात आणि न्याय झाला असे दाखवले जाते. पण तो खरेच झाला का, असा त्यांचा प्रश्न होता. कायद्याच्या प्रक्रियेविषयीची ही अधीरता घातक आहे आणि ती न्यायालयांच्या दिरंगाईतून वाढते, हेही त्यांनी मान्य केले.

३०/ २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशातील प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडी आणि मार्गिकांसह, सीसीटीव्ही बसवण्याचा आदेश दिला. चित्रीकरण दीर्घकाळ जपावे आणि छळाच्या तक्रारीत पीडिताला त्याची प्रत मागता यावी, हा त्याचा गाभा आहे. पोलीस ठाण्यातले हे चित्रीकरण नाट्य नसलेले आहे आणि म्हणूनच मोलाचे आहे.

३१/ डोलवीच्या रहिवाशाला या इतिहासातून हाती लागण्यासारखे बरेच आहे. पोलिसाच्या छातीवरचे नाव वाचावे. अटकेचे कारण विचारावे आणि टिपणावर सही करण्याआधी त्यावरील वेळ पाहावी. चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे नेलेच पाहिजे, हे लक्षात ठेवावे. अपवादात्मक स्थिती वगळता सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. दंडाधिकाऱ्याने विचारले, तर मारहाण झाल्याचे तिथेच सांगावे. यातील प्रत्येक नियमामागे कुणीतरी सोसलेले आहे, कुणीतरी पत्र लिहिलेले आहे.

३२/ ‘एक शून्य शून्य’ हे नाव ज्या क्रमांकावरून पडले, त्याची जागा आता ११२ ने घेतली आहे. क्रमांक बदलला, संहितांची नावे बदलली. दूरदर्शनवर अटकेच्या अटी दाखवाव्यात, ही १९९६ ची सूचना मात्र अजून कोणत्याही पोलीस मालिकेच्या लेखकाने मनावर घेतलेली दिसत नाही. एखाद्या मालिकेतला अधिकारी थप्पड न मारता आरोपीला त्याचे हक्क वाचून दाखवील आणि पुराव्याच्या बळावर खटला जिंकेल, तर तो १८७२ पासून कायद्याला अपेक्षित असलेला पोलीस असेल.

(समाप्त)